बसमधला सीजे, आजारी अमोस की राधाचं घर? चार-पाच वर्षांच्या पोरांसाठी कुठलं पुस्तक घ्यायचं

माझ्या मावसबहिणीची लेक यंदा सिनियर केजीत गेली आणि बहिणीचं फर्मान आलंय, वाढदिवसाला खेळणं आणू नकोस, "चांगले संस्कार वगैरे" असलेलं चित्रांचं पुस्तक आण. संस्कार म्हटलं की मला शेवटच्या पानावर ठळक अक्षरात तात्पर्य छापलेली पुस्तकं आठवतात, पोरं ते पान बरोब्बर न वाचता उलटतात. पण आमच्या घरी गेल्या दोन वर्षांत या प्रकारातली काही पुस्तकं पानं सुटेपर्यंत वाचून झालीत, म्हणून म्हटलं लिहावं, कोणाला तरी निवडताना उपयोग होईल.

सगळ्यात आधी 'लास्ट स्टॉप ऑन मार्केट स्ट्रीट'. लेखक मॅट दे ला पेन्या, चित्रं ख्रिश्चन रॉबिन्सनची, २०१५ चं पुस्तक आणि २०१६ ला याला न्यूबेरी मेडल मिळालं, अमेरिकेतलं बालसाहित्याचं बक्षीस, जे एरवी मोठ्या मुलांच्या कादंबऱ्यांना जातं. गोष्ट म्हणाल तर सीजे नावाचा मुलगा आणि त्याची आजी पावसात बसने निघालेत आणि हा रस्ताभर कुरकुरतोय, आपल्याकडे गाडी का नाही, आपणच का भिजायचं, त्या मोठ्या मुलांकडे गाणी ऐकायचं मशीन आहे मग मला का नाही. आजी लेक्चर देत नाही, दर प्रश्नाला आजूबाजूचं काहीतरी दाखवते. बसमध्ये एक आंधळे गृहस्थ आहेत, गिटारवाला आहे, बरणीत फुलपाखरं घेऊन बसलेली एक बाई आहे. शेवटच्या स्टॉपला उतरून दोघं जातात ते सूप किचनमध्ये, म्हणजे जिथे गरजूंना फुकट गरम जेवण मिळतं, आणि हे दोघं तिथे वाढायला जातात. माझ्या मुलाला हे काही केल्या कळेना, शेवटी गुरुद्वारातला लंगर सांगितला तेव्हा डोक्यात शिरलं.

आमच्याकडे हे हिट झालं ते बसमुळेच. मुंबईतल्या जुन्या लाल डबल डेकर बस सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या, त्याने त्या फोटोतच बघितल्यात, पण नवीन इलेक्ट्रिक डबल डेकरमध्ये वरची पुढची सीट मिळाली नाही तर अख्खा प्रवास तोंड फुगवून. हे पुस्तक आल्यापासून तो बसमध्ये चढला की फुलपाखरंवाली बाई शोधतो. एकदा एका कोळीणमावशींना सरळ विचारलं, तुमच्या टोपलीत काय आहे? त्यांनी फडकं बाजूला करून दाखवलं, बोंबील होते. तेही चाललं त्याला, घरी येऊन बाबाला दोनदा सांगितलं.

अडचण एकच, मजकूर बराच आहे आणि आजी जे इंग्रजी बोलते ते बोलीतलं आहे, त्यामुळे तुम्ही वाचता वाचता मराठीत सांगणार असाल तर आदल्या रात्री एकदा डोळ्यांखालून घाला, नाहीतर मध्येच अडखळायला होतं आणि पोरं ते माफ करत नाहीत.

दुसरं 'अ सिक डे फॉर अमोस मगी', फिलिप स्टेडने लिहिलेलं, चित्रं एरिन स्टेडची, २०११ चं कॅल्डेकॉट मेडल (हे पुस्तकातल्या चित्रांसाठी देतात). अमोस हा प्राणिसंग्रहालयातला म्हातारा कामगार. तो हत्तीबरोबर बुद्धिबळ खेळतो (हत्ती प्रत्येक चालीला खूऽऽप विचार करतो), कासवाशी शर्यत लावतो आणि कासव कधीच हरत नाही, लाजाळू पेंग्विनजवळ नुसता गप्प बसतो, नाक गळणाऱ्या गेंड्याला रुमाल देतो, अंधाराला घाबरणाऱ्या घुबडाला गोष्ट वाचून दाखवतो. एक दिवस याला सर्दी होते आणि मग ते सगळे बस पकडून याच्या घरी येतात. संपलं. पण कोणाला नेमकं काय हवंय हे ओळखून तेवढंच द्यायचं, हे मला तरी इतक्या कमी शब्दांत दुसरीकडे दिसलं नाही. चित्रं लाकडी ठशांची आणि पेन्सिलची, रंग फिके. मोबाइलवर धडाधड कार्टून बघणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी बोअर होईल हे गृहीत धरा, दोन दिवस जाऊद्यात, पुन्हा काढा. तीन-साडेतीन वर्षांपासून चालतं.

जॅकलिन वुडसनचं 'ईच काइंडनेस' मात्र पाच वर्षांच्या मुलांना आणू नका प्लीज. वर्गात जुने कपडे घालून येणाऱ्या माया नावाच्या मुलीला क्लोई टाळते, आणि क्लोईला चूक कळेपर्यंत माया शाळा सोडून गेलेली असते. सॉरी म्हणायची संधीच नाही. पुस्तक फार चांगलं आहे, पण दुसरी-तिसरीतल्या, "ती आमच्या ग्रुपमध्ये नाही" म्हणायला लागलेल्या मुलांसाठी. माझी एक मोठी भाची आठ वर्षांची, ती वाचून झाल्यावर बराच वेळ काही बोलली नाही.

आणि मराठीत? माधुरी पुरंदरेंचं 'राधाचं घर', ज्योत्स्ना प्रकाशनचं, लेखन आणि चित्रं दोन्ही त्यांचीच. छोटी राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते, इतकंच. दयाळूपणाचा उल्लेखही नाही, घरातली माणसं घरातल्यासारखी वागतात आणि मूल आपली आजी, आपले बाबा त्यात शोधत बसतं. यात अजून एक मुद्दा आहे जो दुकानात कोणी सांगत नाही: दुपारी पुस्तक वाचून दाखवतं कोण? आमच्याकडे सासूबाई. इंग्रजी पुस्तक दिलं की त्या "तुझी आई आल्यावर वाच हां" म्हणून बाजूला ठेवतात, राधा मात्र त्या आवाज बदलून बदलून वाचतात.

खर्च करायच्या आधी अंदाज घ्यायचा असेल तर प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट आहे, २०१५ पासून चालू, मराठी गोष्टी फुकट, वाचनाच्या चार पातळ्या, डाउनलोडही करता येतात. क्वालिटी मात्र वरखाली, एखादी भाषांतरित गोष्ट इतकी कोरडी असते की झोपच यावी (रात्री नऊला ही तक्रार नाही म्हणा).

मी सिनियर केजीवाल्या भाचीसाठी राधा आणि अमोस घेतेय, सीजे पुढच्या वर्षी. एकच घ्यायचं असेल आणि घरी आजी-आजोबा असतील तर राधा. तुम्ही स्वतःच रोज रात्री वाचणार असाल आणि मूल "आपल्याकडे का नाही" या फेजमध्ये असेल तर सीजे, डोळे झाकून. दुकानं म्हणाल तर मुंबईत मराठीसाठी दादरला छबिलदास गल्लीत आयडियल, इंग्रजीसाठी फोर्टला किताब खाना, पण परदेशी पुस्तकं दर वेळी असतातच असं नाही तेव्हा आधी फोन करा, आणि मूल सोबत नेणार असाल तर तासभर जास्तीचा धरा.