साडेचार इंची भिंतीवरचा ब्रेकफास्ट काउंटर : दीड वर्षाच्या वापरानंतर

पुण्यातील आमच्या सदनिकेचे स्वयंपाकघर आठ फूट बाय दहा फुटांचे आहे आणि त्याच्या व जेवणाच्या जागेच्या मध्ये साडेचार इंची विटांची भिंत होती. ही भिंत कमरेच्या उंचीपर्यंत ठेवून वरचा भाग काढून टाकायचा आणि उरलेल्या भिंतीवर ग्रॅनाइट बसवून ब्रेकफास्ट काउंटर करायचा, असे आम्ही ठरवले. दीड वर्ष तो रोज वापरल्यानंतर त्यातले काय साधले आणि काय फसले हे मांडते आहे. असे काम करून घेण्याचा विचार असलेल्यांना मला चित्रांपेक्षा मापे द्यायची आहेत, कारण आमचे समाधान आणि आमच्या चुका दोन्ही इंचांमध्येच होत्या.

प्रथम उंचीविषयी. आमचा ओटा 33 इंचांचा आहे. ज्या मॉड्युलर किचनवाल्यांकडे आम्ही आधी गेलो, त्यांनी संगणकावरील चित्रात काउंटर 42 इंच उंच दाखवला होता. चित्रात तो फार देखणा दिसत होता. परंतु त्यासाठी 30 इंच उंचीची स्टुले लागतात आणि त्यांवर चढ-उतार करणे लहान मुलांना व गुडघे दुखणाऱ्यांना अवघड जाते. आम्ही तो बेत सोडून 36 इंच उंची ठरवली, मात्र स्टुलांची मागणी बदलायची राहून गेली आणि 30 इंची स्टुलेच घरी आली. त्यांवर बसल्यावर मांड्या दगडाला घासत होत्या. बैठक आणि काउंटरची खालची बाजू यांत किमान 10 इंच जागा हवी, हे तेव्हा नीट समजले. ती स्टुले परत करून 25 इंचांची घेतली. दगडाची जाडी पाऊण इंचाच्या आसपास असते, पण कड जाड दिसावी म्हणून खालून दुसरी पट्टी चिकटवली, तर तीही गुडघ्यांच्याच जागेतून वजा होते. म्हणून ती सजावट आम्ही टाळली आणि कड फक्त अर्धगोल (हाफ राउंड) करून घेतली.

दगडाची रुंदी 18 इंच आहे. त्यातले सुमारे 6 इंच गिलाव्यासह भिंतीवर टेकतात आणि 12 इंच जेवणाच्या बाजूला पुढे येतात. दोन तृतीयांश दगड अधांतरी असताना तो केवळ सिमेंटच्या भरवशावर ठेवणे धोक्याचे आहे. कोणी काठावर हात टेकून उठले, तरी तो उलटू किंवा तडकू शकतो. त्यासाठी भिंतीत लोखंडी ब्रॅकेट आधी पक्के करून मग वर दगड बसवला. ग्रॅनाइट बसवणाऱ्या कारागिरांनी स्वतःहून हा आग्रह धरला आणि एक दिवस जास्त घेतला. संपूर्ण कामात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच. पुढे आलेला भाग 8 इंचच ठेवला असता तर ब्रॅकेट सोपे झाले असते, पण बसणाऱ्याचे गुडघे भिंतीला टेकले असते.

दगड निवडताना कारखान्यात बनवलेल्या क्वार्ट्‌झचा मोह झाला होता. त्यात राळ असल्यामुळे गॅसवरून उतरवलेली कढई थेट ठेवता येत नाही, आणि पांढऱ्या रंगावर हळदीचा डाग पडण्याची भीती असते. संगमरवर तर लिंबू आणि चिंचेच्या आंबटपणाने निस्तेज होतो. शेवटी तेलंगणातील करीमनगर भागातून येणारा टॅन ब्राउन ग्रॅनाइट घेतला. त्याच्या तांबूस-काळ्या ठिपक्यांमध्ये आमच्या जड पाण्याचे पांढरे डाग उठून दिसत नाहीत. निव्वळ काळ्या चकचकीत दगडावर ते फार दिसतात. बाहेरचे दोन्ही कोपरे गोल करून घ्यावेत, हेही आवर्जून सांगते. 36 इंच म्हणजे तीन-चार वर्षांच्या मुलाच्या डोक्याची उंची.

लांबी 6 फूट आहे. माणशी दोन फूट या हिशेबाने तिघे मोकळेपणाने बसतात, चौथ्याला कोपर आवरून बसावे लागते. स्टुलांच्या मागे मात्र आमच्याकडे 34 इंचच उरले आहेत. तेथून ताट घेऊन जाणाऱ्याला अंग चोरावे लागते. म्हणून पाठ नसलेली, काउंटरखाली पूर्ण सरकणारी स्टुले घेतली, आणि त्यामुळे आमचे 78 वर्षांचे सासरे तेथे बसू शकत नाहीत. त्यांच्यासाठी जुने लहान टेबल ठेवावेच लागले. ही या रचनेची खरी उणीव आहे आणि ती आम्ही आधी ओळखायला हवी होती. वृद्ध माणसे असलेल्या घरात काउंटर हा जेवणाच्या टेबलाला पर्याय होऊ शकत नाही.

दुसरी किंमत फोडणीची आहे. भिंत उघडल्यापासून मिरचीचा ठसका थेट दिवाणखान्यात पोहोचतो. चिमणीची नळी थेट बाहेर काढलेली नसेल, तर भिंत पाडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. भिंतीला हात लावण्यापूर्वी ती भार पेलणारी नाही याची स्थापत्य अभियंत्याकडून खात्री करावी, सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी, आणि पाइप गॅसची नळी तेथून जात असेल तर ती गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच हलवावी. भिंत पाडता येत नसेल, तर डोंबिवलीतील माझ्या बहिणीने केलेली सोय उत्तम आहे. तिने भिंतीला चार फूट लांबीची, मिटवता येणारी फळी लावली आहे. तिचे बोल्ट मात्र गिलाव्यात नव्हे, विटेत रुतलेले हवेत.

स्टुले, दगड, गवंडीकाम आणि वीजजोडणी मिळून आम्हाला सुमारे 48 हजार रुपये खर्च आला. तो मला योग्य वाटतो, आणि त्याचे कारण नाश्त्यापुरते नाही. पूर्वी थालीपीठ लावणारी व्यक्ती भिंतीआड एकटी असे आणि सर्वांचे झाल्यावर निवलेले खात असे. आता तव्यावरचे थालीपीठ भिंतीवरूनच समोरच्या ताटात जाते, आणि ते खाणारा माणूस मेथी निवडू लागतो किंवा वाटाणे सोलतो. सासूबाई गप्पा मारता मारता ओट्याजवळ उभ्या असतात आणि कोणाला काय हवे ते त्यांना हाक न मारता कळते.

पुन्हा करायचे झाले, तर मी काउंटरखाली स्वयंपाकघराच्या बाजूने 16 अँपिअरचा एक प्लग आधीच काढून ठेवीन. आम्ही तो विसरलो, म्हणून टोस्टरची वायर अजूनही ओट्यावरून आडवी येते.