पाच खिडक्यांचं मूडल: दोन सत्रं मूडल आणि गूगल क्लासरूम शेजारीशेजारी चालवल्यावर

ठीक दहाला अंतर्गत चाचणी उघडली. दहा वाजून एक मिनिटाला लॅबमधून पहिली हाक आली, "सर, नुसतं गोल फिरतंय", आणि पाच मिनिटांत १२० पैकी बहुतेक पडद्यांवर ५०४, म्हणजे सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही. मूडल या मुक्त स्रोतातल्या शिक्षणप्रणालीवर असं झालं की स्टाफरूमचा निकाल लगेच लागतो: फुकटचं सॉफ्टवेअर, दुसरं काय होणार! या अनुभवाचा पहिला खर्डाही त्याच सुरात होता. मूडलला दोन तारे, क्लासरूमला चार. मूडलचे तारे नंतर बदलावे लागले. का बदलले त्यालाच इथे सर्वांत जास्त जागा दिली आहे. बाकीची तुलना जमेल तशी.

मांडणी अशी: साधारण ९०० विद्यार्थी, भाड्याचा ८ जीबी रॅमचा सर्व्हर, त्यावर मूडल ४.५, विनंत्या स्वीकारणारा वेब सर्व्हर एनजिनएक्स, मूडलचा कोड चालवणारं पीएचपी-एफपीएम आणि मारियाडीबी हा डेटाबेस. दुसऱ्या बाजूला गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशनची फंडामेंटल्स ही विनामूल्य आवृत्ती. दोन्हींत काय काय सोयी आहेत ती यादी सगळ्यांना पाठ आहे, ती पुन्हा लिहीत नाही.

चाचणी कोसळल्यावर होस्टिंगवाल्याचं उत्तर ठरलेलं होतं: "रॅम कमी पडतेय, १६ जीबीचा प्लॅन घ्या." भाडं जवळपास दुप्पट. मूडलच्या दस्तऐवजांतला ठोकताळा एका जीबीला एकाच वेळी १० ते २० वापरकर्ते असा आहे, म्हणजे वरवर पाहता सल्ला पटतो. पण चाचणी अडकली होती त्या वेळचा आलेख उघडला तर निम्मी रॅमही वापरात नव्हती. प्रोसेसर तर निवांत. तीन दिवस होस्टिंगवाल्याकडे तक्रारीची तिकिटं टाकून झाल्यावर पीएचपी-एफपीएमचा लॉग मागितला, आणि त्यात सरळ लिहिलेलं होतं: सर्व्हर रीच्ड पीएम डॉट मॅक्स चिल्ड्रेन सेटिंग (५), कन्सिडर रेझिंग इट. आकडा वाढवा, असं यंत्र स्वतः सांगत होतं. माणसं मात्र प्लॅन विकत होती.

पाच. पीएचपी-एफपीएमच्या मूळ सेटिंग फाइलमध्ये हा आकडा पाचच असतो. म्हणजे एका वेळी पाचच विनंत्यांवर काम होणार, बाकीच्या रांगेत. एसटी स्टँडवर गाड्या पन्नास उभ्या आणि तिकिटाच्या खिडक्या पाच, तशातला प्रकार.

आता हिशोब. "चाचणी सुरू करा" दाबल्यावर मूडल त्या विद्यार्थ्यासाठी प्रत्येक प्रश्नाची स्वतंत्र नोंद डेटाबेसमध्ये करतं. ३० प्रश्न, १२० मुलं, म्हणजे ३६०० नोंदी, आणि प्रत्येकीची पहिली पायरी वेगळ्या तक्त्यात. हे सगळं एकाच मिनिटात. एका सुरुवातीला दोन सेकंद धरले तरी २४० सेकंदांचं काम. पाच खिडक्यांत वाटलं तर शेवटच्या मुलाचा नंबर ४८ व्या सेकंदाला. त्यातच निम्मी मुलं त्याच क्षणी लॉगइन करत असतात. एनजिनएक्स मुळात ६० सेकंद वाट बघतो आणि मग ५०४ दाखवतो.

इथपर्यंत फक्त उशीर. खरा घात रिफ्रेशने होतो. मूडल एका वापरकर्त्याच्या लॉगइन सत्राला कुलूप लावतं: त्याची एक विनंती पूर्ण होईपर्यंत दुसरी थांबून राहते. पण ती थांबते ती खिडकीवर उभी राहून. मुलाने तीनदा रिफ्रेश दाबलं तर पहिली विनंती काम करत असते आणि उरलेल्या दोन खिडक्या अडवून नुसत्या उभ्या. अशी दोनच अधीर मुलं पाच खिडक्या बंद पाडायला पुरतात. म्हणूनच आधी चार-दोन जणांची तक्रार येते आणि मग एकदम सगळ्यांची.

दुरुस्तीला पैसे लागले नाहीत. आधी एक पीएचपी प्रक्रिया किती मेमरी खाते ते मोजायचं. इथे सरासरी ६० एमबी निघाली. ८ जीबीतून डेटाबेसला अडीच, ऑपरेटिंग सिस्टीम वगैरेंना एक जीबी सोडला की साडेचार उरतात. भागिले ६० म्हणजे ७५. थोडी हवा ठेवून ६० लिहिले. उत्साहाने २०० लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मेमरी संपली की सर्व्हर स्वॅपवर जातो, म्हणजे संथ डिस्कच मेमरी म्हणून वापरतो, आणि पाच खिडक्यांपेक्षा वाईट अवस्था होते. शिवाय मारियाडीबीच्या जोडण्यांची मूळ मर्यादा १५१ आहे, तिच्या पुढे डेटाबेसच दार लावून घेतो. जाता जाता इनोडीबीचा बफर पूल, म्हणजे डेटाबेस आपला डेटा मेमरीत ठेवतो ती जागाही पाहावी. तो मूळचा १२८ एमबी असतो, त्यामुळे डेटाबेससाठी राखलेल्या अडीच जीबीला काही अर्थ राहत नाही. इथे तो दीड जीबी केला आणि लॉगइन सत्रं रेडिस या मेमरीत चालणाऱ्या साठ्यात नेली.

बाकीचं काम प्रश्नसंच लावणाऱ्याचं. मूडल नव्या चाचणीत मुळात एका पानावर एक प्रश्न ठेवतं. ३० पानं गुणिले १२० म्हणजे ३६०० वेळा पान उघडणार. पानाला पाच प्रश्न केले की ७२०. उघडण्याची वेळ १०, बंद होण्याची ११ आणि मुदत ६० मिनिटं असं लावलं तर ठोक ११ ला सगळ्यांचे ब्राउझर एकदम उत्तरं पाठवतात आणि दुसरी चेंगराचेंगरी होते. बंद होण्याची वेळ ११:२० ठेवावी, मुदत ६० च. मग ज्याने जेव्हा सुरू केलं त्याप्रमाणे शेवट विखुरतो. गट पाडलेले असतील तर गटवार सवलतीच्या सोयीने ब तुकडीला दहा मिनिटं उशिरा सोडता येतं. आणि मुलांना पावणेदहालाच लॉगइन करून बसवायचं. या बदलांनंतर त्याच सर्व्हरवर १८० जणांची चाचणी एकही ५०४ न येता झाली.

म्हणून मूडलचे तारे दोनाचे साडेतीन. क्लासरूमच्या चारापेक्षा अर्धा तारा कमीच ठेवला आहे, कारण क्रॉन, म्हणजे सर्व्हरवर ठरावीक वेळाने आपोआप चालणारं काम. दर मिनिटाला क्रॉन चालवा असं मूडल बजावून सांगतं. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर तो बऱ्याचदा १५ मिनिटांतून एकदाच चालवू देतात. ज्याचा ब्राउझर चालू आहे त्याची उत्तरं वेळ संपताच आपोआप जातात. पण ज्याच्या फोनची बॅटरी गेली त्याचा प्रयत्न क्रॉनच बंद करतो. क्रॉन थांबलेला असेल तर दुसऱ्या दिवशीही तो प्रयत्न "सुरू आहे" असाच दिसतो, आणि मग गुणपत्रकात रिकामे रकाने का, यावर विभागप्रमुखांपुढे चर्चा.

मराठीतून परीक्षा घेणाऱ्यांसाठी वेगळा परिच्छेद हवाच. एका शब्दाचं उत्तर टाइप करायला लावणारा लघुउत्तरी प्रश्न मराठीत टाळावा. "दऱ्या" हा शब्द एका कीबोर्डवर नुक्त्याच्या ऱ ने बनतो, तर दुसऱ्यावर साध्या र च्या मागे एक अदृश्य जोडचिन्ह बसून "दर्‍या" बनतो. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. मुलाला शून्य मिळतं आणि शिक्षकाला पडद्यावर बरोबर उत्तरच दिसतं. क्लासरूमच्या चाचण्या ज्यावर होतात त्या गूगल फॉर्म्सच्या उत्तरसूचीतही हाच धोका. निदान दोन्ही रूपं बरोबर उत्तरांत टाकावीत, नाहीतर सरळ "जोड्या लावा" हा प्रकार घ्यावा. मूडलच्या संख्यात्मक प्रश्नाला देवनागरी अंक कळत नाहीत. मराठी कीबोर्डवरून टाइप केलेले ४२ त्याच्या लेखी अक्षरं. सूचना पहिल्या ओळीत लिहावी: अंक इंग्रजीच टाका.

प्रश्न एकदम चढवायला आयकेन हा साधा मजकुराचा साचा सर्वांत सोपा. पण पर्यायांपुढे अ, ब, क, ड चालत नाही, इंग्रजी कॅपिटल अक्षरंच लागतात, आणि उत्तराच्या ओळीतला "आन्सर" हा शब्दही इंग्रजी कॅपिटलमध्येच. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवायची. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत टाइप केलेले जुने प्रश्नसंच चिकटवले तर पडद्यावर गिचमिड उमटते. ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावेत आणि बदलल्यावर रफार व वेलांट्या डोळ्यांखालून घालाव्यात. विद्यार्थ्यांची यादी एक्सेलमधून काढताना "सीएसव्ही यूटीएफ-८" हा पर्याय निवडावा. नुसतं सीएसव्ही निवडलं तर मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात. वापरकर्तानाव म्हणून पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक द्यावा. एकच ईमेल दोन भावंडांना मूडल मुळात चालवून घेत नाही, त्यासाठी साइटच्या सेटिंगमध्ये परवानगी द्यावी लागते.

क्लासरूम कुठे जिंकतं? गृहपाठात. तिथे स्पर्धाच नाही. मुलं फोनने वहीचे फोटो काढतात, एकेक तीन ते पाच एमबीचा. मूडलकडे जाताना त्या फोटोला तीन नाके लागतात: एनजिनएक्सची मूळ मर्यादा १ एमबी, पीएचपीची २ एमबी, आणि त्यापुढे मूडलची साइट, कोर्स आणि असाइनमेंट यांची आपापली. सर्वांत लहान आकडा जिंकतो. ४१३ (फाइल फार मोठी) दिसला तर एनजिनएक्सचा आकडा वाढवावा, मग पीएचपीचे दोन्ही आकडे, एका फाइलचा आणि संपूर्ण पोस्टचा. पोस्टचा मूळचा ८ एमबी असतो आणि तो विसरला जातोच. बारा पानी वहीसाठी सगळीकडे ४० एमबी केले की भागतं. मूडलमध्येच पीडीएफवर लाल खुणा करायच्या तर सर्व्हरवर घोस्टस्क्रिप्ट हे पीडीएफ हाताळणारं सॉफ्टवेअर बसवून त्याचा पत्ता द्यावा लागतो. क्लासरूममध्ये यातलं काहीही करावं लागत नाही. एका वर्गात शिक्षक-विद्यार्थी मिळून १००० आणि शिक्षक २० ही मर्यादा कॉलेजला पुरून उरते. संस्थेला मिळणारी सामाईक १०० टीबी जागा आज भरपूर वाटते, पण ती सगळ्यांची मिळून आहे. कोणा एकाने तासांचे व्हिडिओ भरून ठेवले तर भार सगळ्यांवर.

एक सापळा मात्र आहे. क्लासरूममध्ये काम जमा होताना फाइलची मालकी शिक्षकाकडे जाते आणि तपासून परत केली की पुन्हा विद्यार्थ्याकडे. तिसरं वर्ष संपलं की ऑफिस खाती उडवतं, आणि खात्यासोबत त्याची ड्राइव्हही जाते. उडवलेलं खातं २० दिवसांच्या आत परत आणता येतं, पुढे नाही. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या भेटीआधी पुरावे शोधायला बसलेल्या समन्वयकाला हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. खाती काढण्याआधी वर्गांची फोल्डरं संस्थेच्या शेअर्ड ड्राइव्हवर उतरवून घ्यावीत.

परीक्षेसाठी फॉर्म्स मात्र तोकडं पडतं. प्रत्येक मुलासाठी वेगळं चालणारं घड्याळ नाही, ऋण गुण नाहीत, प्रश्नपेढीतून दर घटकाचे पाच प्रश्न यादृच्छिक उचलणं नाही. क्रम तेवढा उलटापालटा होतो. परीक्षेदरम्यान दुसरं काही उघडू न देणारा लॉक मोड संस्थेने व्यवस्थापित केलेल्या क्रोमबुकसाठी आहे, आणि लॅबमध्ये विंडोजचे डबे. बरं, फॉर्म्स कधी कोसळत नाही हेही मान्य. मूडल कोसळलं तर निदान कशाने ते लॉगमध्ये सापडतं.

ईमेलबद्दल दोनच वाक्यं. मूडलची पत्रं वर्कस्पेसच्या जीमेलमधून पाठवली तर एका खात्याला दिवसाला २००० ची मर्यादा आहे. ९०० मुलांना घोषणा-फोरममधून तीन सूचना गेल्या की २७०० होतात आणि त्या दिवसापुरतं खातं गप्प. घोषणांची सक्तीची वर्गणी ऐच्छिक करावी, महत्त्वाचं ते व्हॉट्सॲपवर जातंच आहे.

कॅनव्हास ही तिसरी शिक्षणप्रणालीही काही दिवस चालवून पाहिली. गुणपत्रक आणि तपासणीचा पडदा तिन्हींत उत्तम, यात शंका नाही. मुक्त स्रोतात उपलब्ध आहे म्हणून स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचा मोह होतो, पण रुबी ऑन रेल्स आणि पोस्टग्रेस सांभाळणारा माणूस पगारावर नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. मायक्रोसॉफ्ट टीम्स ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी असाइनमेंटपुरतं वापरावं.

सध्या गृहपाठ क्लासरूमवर, चाचण्या मूडलवर. मुलांना दोन पासवर्ड नकोत म्हणून मूडलला गूगलच्या लॉगइनने जोडलं आहे. एक सायंकाळ पुरते. मात्र चाचणीच्या दिवशी कॉलेजचं नेट गूगलपर्यंत पोचलं नाही तर मूडलमध्येही कुणी शिरू शकत नाही, म्हणून पीआरएन आणि साधा पासवर्ड हा दुसरा रस्ता उघडा ठेवावा.

पुढच्या सुट्टीत मूडल ५.० वर जायचं असेल तर त्याला किमान पीएचपी ८.२ लागतं. उबंटूवर पीएचपीच्या प्रत्येक आवृत्तीचं सेटिंगचं फोल्डर वेगळं असतं, आणि नव्या आवृत्तीबरोबर येणारी फाइल मूळ आकड्यांचीच असते. तिच्यात फाइलचा आकार पुन्हा २ एमबी, पोस्ट ८, आणि खिडक्या पाच.