पाण्याखालच्या स्फोटाचं सिम्युलेशन: रत्नागिरीतून आठ महिन्यांचा अनुभव

जूनपासून हे सॉफ्टवेअर वापरतोय. नाव लिहीत नाही. पाचपैकी साडेतीन. काम एका जेट्टीचं: शेजारचा पाण्याखालचा कातळ सुरुंगाने फोडायचा, तर बांधून ठेवलेल्या बार्जच्या (माल वाहायच्या सपाट तळाच्या बोटीच्या) पत्र्याचं काय होईल?

पत्रा, फ्रेम, वेल्डिंग हा भाग झकास, चार दिवसांत मॉडेल उभं. खरी रड पाण्याची. तपासणीसाठी आधी उघड्या पाण्यातला स्फोट घेतला. कोलच्या १९४८च्या पुस्तकातल्या सूत्राने १० किलो टीएनटीचा २० मीटरवरचा दाब सुमारे ४.२ मेगापास्कल येतो. माझं उत्तर ३च्या खाली! दोष जाळीचा, म्हणजे हिशेबासाठी पाण्याचे जे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडतात त्यांचा. हा दाब साधारण ०.३ मिलिसेकंदात एक-तृतीयांशाच्या आसपास उतरतो. तेवढ्यात लाट जेमतेम अर्धा मीटर सरकते, आणि मी एलिमेंट ठेवले होते पाव मीटरचे. पाच सेंटिमीटरवर आणल्यावर जुळलं, पण एका रात्रीचा रन तीन रात्रींवर गेला. त्यात पावसाळ्यातली आमची लाईट. रीस्टार्ट फाइल (थांबलेला रन तिथूनच पुढे सुरू करायला) दर तासाला लिहायला लावा, नाहीतर कपाळाला हात.

सगळ्यात महाग पडली ती सेटिंगमधली टिक न केलेली एक चौकट. लाट पाण्याच्या पृष्ठभागावर आपटली की ताण होऊन परत फिरते. पाणी तो ताण सोसत नाही, त्यात पोकळी पडते, आणि ती मिटताना पत्र्याला दुसरा तडाखा बसू शकतो. ह्या सॉफ्टवेअरमध्ये हे पोकळी पडणं, म्हणजे कॅव्हिटेशन, मुळातच बंद असतं. दोन महिने माझं पाणी पत्र्याला डिंकासारखं चिकटून ओढत होतं, आणि रंगीत चित्रं इतकी देखणी की शंका येईना. सपोर्टवाल्यांनी तीन आठवड्यांनी मॅन्युअलचा पान क्रमांक कळवला.

स्फोटातून होणाऱ्या वायूच्या बुडबुड्याचा भाग मी वापरला नाही. आमचे सुरुंग कातळात भोक पाडून भरलेले. जहाजं तपासणाऱ्यांनी मात्र तो आधी बघावा. बुडबुड्याच्या फुगण्या-आक्रसण्याची लय जहाजाच्या लयीशी जुळली की अख्खं जहाज वेतासारखं लवतं.

पाण्याची पातळी एका आकड्यात बदलता येते, हे फार आवडलं. उधाणाला आपल्याकडे दोन-अडीच मीटरचा फरक. पाणी उतरलं की पृष्ठभागावरून फिरलेली लाट लवकर पोचते आणि धक्का आखूड होतो. शेजारचे तांडेल काका हे ऐकून म्हणाले, "मग सुकतीलाच (ओहोटीलाच) उडवा की!" म्हटलं, काका, सुकतीला बार्ज कातळाच्या जवळही येते, एवढं सोपं नाही. दोन्ही पातळ्यांवर रन केले, सहा रात्री गेल्या. आमच्या मांडणीत काका बरोबर निघाले.