गायतोंडे यांच्यावरचा ऑनलाइन वर्ग: पहिलं सत्र चुकलं तरी चालेल, दुसरं नको

अमूर्त चित्रं काढणारे चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्यावरचा दोन सत्रांचा हा वर्ग. पाचपैकी साडेतीन तारे, आणि तेही दुसऱ्या सत्रामुळे.

पहिल्यात सनावळी आहे. १९२४ला नागपुरात जन्म, बालपण गिरगावात, १९४८ला जे. जे. स्कूलची पदविका, १९६४मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्क, १९७१ला पद्मश्री, मग दिल्लीत निजामुद्दीनला मुक्काम. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं नेटकं, पण मध्येच लिलावाची गाडी सुटली ती थांबेचना. २०२१मध्ये एक चित्र जवळपास ४० कोटींना गेलं, हे एकदा कळलं की पुरे. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रं करणाऱ्या माणसाबद्दल बोलताना तो वेळ चित्रांना द्यायला हवा होता.

दुसऱ्या सत्रात मात्र बाई रंगात आल्या. झेन (जपानी बौद्ध ध्यानपंथ), मौन, ध्यान हे शब्द गायतोंडे यांच्याबद्दल इतके वापरले जातात की ऐकणारा नुसती मान डोलावतो. बाईंनी ते बाजूला ठेवले आणि थेट अवजारांवर आल्या: रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग पसरवायची बोथट सुरी. माझा छापखाना आहे, रोलर म्हटल्यावर कान टवकारणारच. शाई जास्त झाली तर अक्षरं भरतात, कमी झाली तर छपाई फिकी येते. प्रत्येक कागदावर शाई सारखी बसावी म्हणून आमची दिवसभर झटापट. गायतोंडे तोच रोलर वापरायचे, पण रंगाचा थर कुठे दाट, कुठे इतका विरळ की खालचा रंग वर डोकावतो. फाडलेल्या कागदाचे कपटे दाबून उमटवलेले आकार बाईंनी मोठे करून दाखवले. कपट्याची खरबरीत कड स्पष्ट दिसत होती, आणि ती कड पुसून टाकावीशी गायतोंडे यांना वाटली नव्हती. आमच्याकडे असा कागद सरळ रद्दीत जातो!

गायतोंडे यांचं 'तत्त्वज्ञान' मला इथे पटलं. हात चालवण्याआधी कितीतरी वेळ नुसतं बसून राहायचं, आणि सुरुवात केल्यावर रंग स्वतःहून जे करतो त्यातलं काय ठेवायचं ते ठरवायचं. १९८४ला त्यांना झालेल्या अपघातानंतर बरीच वर्षं मोठे कॅनव्हास झाले नाहीत, हे सांगताना बाईंनी गळा काढला नाही, तेही आवडलं.

एका चित्राबद्दल एकाने विचारलं, "पण यात आहे काय?" त्यावर बाईंनी तेच चित्र पुन्हा लावलं आणि बराच वेळ कोणालाच बोलू दिलं नाही. दोघे-तिघे वर्ग सोडून गेले. मला उत्तर चोख वाटलं.

तक्रार चित्रांच्या प्रतींची. काही इतक्या हलक्या दर्जाच्या होत्या की सगळे थर एकात एक मिसळून सपाट दिसत होते. फोनवर तर पाहूच नका, मोठा पडदा हवाच. शेवटी प्रमाणपत्र पाठवतात, त्याऐवजी चांगल्या प्रती पाठवल्या असत्या तर पाचवा ताराही दिला असता.