मोरेत्तो, मोर्चिच की कॅमिओ? इटलीकडून ब्रोच आणायचा असेल तर

इटली क्रोएशियाची ट्रिप ठरलीय आणि मॅग्नेट, चॉकलेटं सोडून एखादा जुन्या वळणाचा, हाताने घडवलेला, चेहऱ्याचा ब्रोच घरी आणायचाय, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. ऑप्शन मुळात तीन आहेत आणि दुकानातल्या लाइटखाली तिन्ही सुंदरच दिसतात, म्हणून घरून थोडं ठरवून गेलेलं बरं.

पहिला व्हेनिसचा मोरेत्तो. सान मार्को चौकातल्या कमानींखाली नार्दी घराण्याची पेढी आहे, 1920च्या दशकात जुलिओ नार्दींनी काढलेली, पुढे मुलाने आणि नातवाने चालवली. यांचा मोरेत्तो म्हणजे पगडीवाल्या काळ्या माणसाचा छातीपर्यंतचा छोटा पुतळा, चेहरा आबनुसाच्या लाकडाचा, अंगात सोन्याचा अंगरखा, आणि पगडीत हिरे, माणकं, पाचू जे काय बसवाल ते. एकासारखा दुसरा नसतो. कारागिरीबद्दल बोलायचं तर मानलं पाहिजे, एवढ्याशा चेहऱ्यात ओठ, पापणी सगळं जिवंत. पण किंमत हजारो युरोंत जाते, आणि सोनं सहसा 18 कॅरेट, म्हणजे मागे 750चा शिक्का, त्यामुळे आपला 916वाला हिशोब इथे लावूच नका, मोडीत घातलात तर सोन्याचा भाव येईल आणि घडणावळ बुडाली समजा. हा दागिना गुंतवणूक म्हणून घ्यायचाच नाही.

खरी अडचण पैशाची नाहीये. हा चेहरा आला कुठून ते बघायचं असेल तर व्हेनिसमध्येच का' रेझोनिको म्युझियममध्ये जा, तिथे आंद्रेआ ब्रुस्तोलोनने 1700च्या आसपास कोरलेले आबनुसाचे काळे पुरुष उभे आहेत, श्रीमंतांच्या फुलदाण्या पेलत, आणि काहींच्या गळ्यात चक्क साखळ्या आहेत. ते बघून मग ब्रोचकडे बघितलं की नुसतं 'किती गोड' म्हणवत नाही. डिसेंबर 2017मध्ये ब्रिटिश राजघराण्यातल्या प्रिन्सेस मायकल ऑफ केंट असाच ब्रोच लावून बकिंगहॅम पॅलेसच्या ख्रिसमस जेवणाला गेल्या, तिथे प्रिन्स हॅरीची होणारी बायको मेगन मार्कलही होती, जिची आई कृष्णवर्णीय आहे, फोटो आले, केवढा गदारोळ झाला आणि शेवटी त्यांना माफी मागावी लागली. तेव्हा सूनबाई न्यू जर्सीला ऑफिसच्या कोटावर लावणार असेल तर हा विषय इथेच सोडा. आमचा तसा हेतू नव्हता हो, हे प्रत्येकाला कुठे समजावत बसणार? कपाटात ठेवायला, कलेक्शन म्हणून, इतिहास माहीत असताना घेतलात तर तुमची मर्जी, मी तरी घेणार नाही.

दुसरा रिएकाचा मोर्चिच. व्हेनिसहून त्रिएस्तमार्गे क्रोएशियात उतरलात की हे बंदर लागतं. मूळ कल्पना व्हेनिसकडूनच आलेली, फक्त इथे रत्नं नाहीत, सोन्याचं चिमुकलं डोकं करून त्यावर काळा आणि पांढरा मीना भट्टीत भाजतात, म्हणून गरिबाला पण परवडायचा आणि कोळी, खलाशी कानात एकच घालायचे. लोक गोष्ट सांगतात ती भारी आहे, ग्रोब्निकच्या मैदानात तुर्कांचं सैन्य आलं, झ्रिन्स्की नावाच्या तिथल्या सरदाराच्या बाणाने त्यांचा सेनापती पाशा पडला, आभाळातून दगडांचा पाऊस झाला आणि वर दिसत राहिल्या फक्त पांढऱ्या पगड्या, मग नवऱ्यांनी बायकांना आठवण म्हणून तसली कानातली करून दिली. इतिहास म्हणून घेऊ नका, गोष्ट म्हणून घ्या. 19व्या शतकात तिथल्या जिगांते पेढीने हे काम खूप नावारूपाला आणलं, 1873च्या व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनापर्यंत. 1991पासून मोर्चिच शहराचं अधिकृत शुभचिन्ह आहे, कार्निव्हलला मोठी माणसं तोंड काळं रंगवून मोर्चिच बनून फिरतात. म्हणजे त्यांना तो आपला वाटतो हे खरं, पण लंडनमधल्या अनोळखी माणसाला रिएकाची गोष्ट माहीत नसते, त्याला दिसणार काळा चेहरा आणि पगडीच. मोरेत्तोवालं ओझं इथेही आहे, थोडं हलकं इतकंच. शिवाय मीना पडला की टवका उडतो आणि रिपेअर कटकटीचं असतं. कानातली जास्त दिसतील, ब्रोच मागून घ्यावा लागतो.

तिसरा, आणि माझं मत यालाच, तोरे देल ग्रेकोचा कॅमिओ. नेपल्सजवळ व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी, पाँपेईला जाणाऱ्या लोकल ट्रेनच्याच लाइनवर. आपल्याकडे सराफ 'इटालियन पोवळं' म्हणून जे दाखवतात ना, त्या पोवळ्याच्या धंद्याचं हे मोठं गाव. कॅमिओसाठी मात्र शिंपल्याचा वरचा पांढरा थर कोरून चेहरा काढतात आणि खालचा तपकिरी किंवा नारिंगी थर मागे राहतो, सगळं हातातल्या छोट्या छिन्नीने. 1878पासून तिथे या कामाची शाळा आहे. अशोने घराण्याची पेढी 1855ची, आणि नेपल्सला गॅलेरिया उंबेर्तोमध्ये त्यांचं म्युझियम आहे, खरेदीच्या आधी ते बघा म्हणजे चांगलं कोरीवकाम कशाला म्हणतात ते डोळ्यात बसतं. ओळखायचं कसं, तर उजेडासमोर धरा, शिंपला असेल तर आरपार उजेड येतो, मागची बाजू किंचित खोलगट असते आणि भिंगाखाली छिन्नीचे ओरखडे दिसतात, प्लास्टिकला कडा गुळगुळीत असतात. केसांच्या बटा आणि नाक बघा, स्वस्त कामात तिथेच आळस दिसतो. एकच काळजी, शिंपला फार सुकला की तडा जातो, तेव्हा अधूनमधून तेलाचा हात फिरवायचा आणि पर्फ्युम लांब ठेवायचा. वजनाला हलका, त्यामुळे पदराच्या प्लेट्सवर छान बसतो, पैठणीला मात्र आतून फेल्टचा तुकडा लावा, पिनने जरीची तार ओढली जाते.

बिल कुठल्याही परिस्थितीत सांभाळा. इटलीत 2024पासून 70 युरोच्या वर खरेदी झाली की टॅक्स परत मिळतो, पण त्यासाठी कस्टमचा शिक्का युरोपियन युनियनमधल्या शेवटच्या एअरपोर्टवर घ्यायचा, सामान चेक-इन करायच्या आधी. आबनुसाचं काही घेतलंत तर लाकूड कुठलं ते बिलावर लिहून मागा, मादागास्करच्या आबनुसावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. आणि आपल्या कस्टमची दागिन्यांची खास सवलत वर्षाहून जास्त बाहेर राहून आलेल्यांना असते, दहा दिवसांच्या टूरवाल्यांना नाही, तेव्हा महागातलं घेतलंत तर उतरल्यावर गपचूप ग्रीन चॅनलने न जाता डिक्लेअर करा.