पहिलं ‘स्वान लेक’ कोणतं बघावं? लंडन, पीटर्सबर्ग की पॅरिस

‘स्वान लेक एकदा नीट बघायचंय, कुठलं बघू?’ असं बॅलेच्या चाहत्यांना विचारलं की उत्तरादाखल नर्तिकांची नावं येतात. लोपात्किना. फाँटेन. नुन्येझ. झाखारोवा. मग कोण कुणाहून सरस यावर जुंपते आणि विचारणारा बिचारा बाजूलाच राहतो. नवख्याला नुसत्या नावांचा काय उपयोग? या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये गोष्ट थोडी वेगळी आहे, शेवट तर अगदीच वेगळा आहे, आणि कॅमेरा कुठे ठेवलाय यावर बॅले पूर्ण दिसणार की अर्धा, हे ठरतं. निवड करायची ती यावरून.

माझा कौल आधीच सांगते. पहिल्यांदाच बघणार असाल तर लंडनच्या रॉयल बॅलेचं 2018 चं रेकॉर्डिंग. तळ्याकाठचे प्रवेश मनसोक्त बघायचे असतील तर पीटर्सबर्गच्या मारिन्स्कीचं 2006 चं. पॅरिसचं 2005 चं मला स्वतःला फार आवडतं, पण पहिल्या भेटीत ते दाखवू नये.

एकाच बॅलेची इतकी रूपं का? चायकोव्स्कीचं हे संगीत पहिल्यांदा रंगमंचावर आलं ते 1877 मध्ये, मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरमध्ये, आणि ते नृत्य फारसं टिकलं नाही. आज जे बघतो त्याचं मूळ 1895 च्या पीटर्सबर्गच्या प्रयोगात आहे. दरबाराचे अंक नृत्यरचनाकार मारियुस पेतिपाचे, तळ्याचे अंक त्याचा सहायक लेव इव्हानोव्हचे. चायकोव्स्की तोवर वारला होता, म्हणून संगीतात काटछाट आणि भर घातली संगीतकार रिकार्दो द्रिगोनं. रशियन क्रांतीनंतर निकोलाय सेर्गेयेव नावाचा नृत्यशिक्षक त्या जुन्या बॅलेंची लिखित टिपणं घेऊन रशियाबाहेर पडला आणि 1934 मध्ये त्यांच्याच आधारे त्यानं लंडनमध्ये ‘स्वान लेक’ बसवलं. इकडे लेनिनग्राडमध्ये, म्हणजे सोव्हिएत काळातल्या पीटर्सबर्गमध्ये, 1950 साली कोन्स्तांतिन सेर्गेयेव या दुसऱ्याच माणसानं त्यात बरेच बदल केले, तीच आवृत्ती मारिन्स्की आजही करते. नावं सारखी असल्यानं या दोघांची गल्लत चांगले जाणकारही करतात. थोडक्यात, एकच यमन किराण्याचा निराळा आणि जयपूरचा निराळा, तसला हा मामला आहे. अस्सल कोणाचा, यावरचे वादही तितकेच जुने.

आता लंडन. 2018 साली लियम स्कार्लेटनं रॉयल बॅलेसाठी ‘स्वान लेक’ नव्यानं बसवलं. त्याआधी तीसेक वर्षं तिथे अँथनी डॉवेलची 1987 ची आवृत्ती चालायची, जिच्यात हंसिणींना टुटूऐवजी, म्हणजे आखूड, ताठ घेराच्या झग्यांऐवजी, पोटऱ्यांपर्यंतचे लोंबते झगे होते. स्कार्लेटनं टुटू परत आणले आणि जुन्या चाहत्यांनी हुश्श केलं. नव्या प्रेक्षकाला जास्त उपयोगी पडते ती त्याची गोष्ट सांगण्याची हातोटी. सुरुवातीलाच छोट्या प्रवेशात दुष्ट जादूगार रॉथबार्ट राजकन्या ओडेटची हंसीण करताना दिसतो, त्यामुळे पुढे तळ्यावर कोण कशासाठी झुरतंय ते सांगावं लागत नाही. हाच रॉथबार्ट दरबारात राणीचा सल्लागार म्हणून वावरतो. तो तिसऱ्या अंकात एकदम आपल्या मुलीला, हुबेहूब ओडेटसारख्या दिसणाऱ्या ओडिलला, घेऊन कुठून उपटला, हा प्रश्न बाकी आवृत्त्यांत पडतो. इथे पडत नाही. नेपथ्यकार जॉन मॅकफार्लेनचा तिसऱ्या अंकातला सोनेरी दरबार पडदा वर गेल्यावर छाती दडपून टाकतो. मारियानेला नुन्येझ ओडेट आणि ओडिल, म्हणजे पांढरी आणि काळी हंसीण दोन्ही, वादिम मुंतागिरोव राजपुत्र. नुन्येझचं तंत्र इतकं भक्कम की काळ्या हंसिणीच्या वेळी काळजी वाटतच नाही, नुसती मजा येते. मुंतागिरोव उडी मारून खाली येतो तेव्हा पावलांचा आवाज येत नाही. हेडफोन लावून ऐकून बघा.

उणीव आहे ती चौथ्या अंकात. तो स्कार्लेटनं स्वतः रचला, आणि इव्हानोव्हच्या दुसऱ्या अंकाशेजारी तो पातळ वाटतो. शेवटी राजपुत्र जिवंत राहतो, हातात ओडेटचा निष्प्राण देह. जोडीनं तळ्यात उडी घेण्याचा जुना शेवट ज्यांना प्रिय, त्यांनी यावर बरीच नाकं मुरडली. मला तो चालतो.

मारिन्स्कीच्या 2006 च्या रेकॉर्डिंगमध्ये ओडेट आहे उल्याना लोपात्किना, राजपुत्र दानिला कोर्सुंत्सेव आणि वाद्यवृंदासमोर वालेरी गेर्गियेव. इथला पहिला अंक मी खुशाल पुढे ढकला असं म्हणेन. सोव्हिएत आवृत्त्यांनी घुसडलेला विदूषक त्यात अखंड गिरक्या घेत असतो आणि राजपुत्राकडे बघायला सवड देत नाही. पण दुसरा अंक सुरू झाला की फोन बाजूला ठेवा. हंसिणी एकामागून एक, एकच पाऊल पुन्हा पुन्हा टाकत, नागमोडी ओळीत येत राहतात, आणि रंगमंच भरतो तरी रेष तुटत नाही. सगळ्याजणी त्याच शाळेत, त्याच पद्धतीनं शिकलेल्या. मानेचा कल, कोपराचा वाक, बोटं कुठे संपतात, सगळं एक. लंडनचा समूह चांगला आहे; हा वेगळ्याच जातीचा आहे.

त्यानंतरचं ओडेट आणि राजपुत्राचं संथ नृत्य हा या बॅलेचा प्राण. संगीत एकल व्हायोलिनचं आणि नंतर त्याला साथ देणाऱ्या चेलोचं. चायकोव्स्कीनं ते स्वतःच्याच, नष्ट करून टाकलेल्या ‘उंदिना’ नावाच्या ऑपेरातून उचललं होतं. 1895 मध्ये राजपुत्र झालेला पावेल गेर्ट पन्नाशीचा होता, त्यामुळे ओडेटला सावरायला राजपुत्राचा मित्र बेन्नोही मध्ये असायचा. प्रेमाचं नृत्य आणि रंगमंचावर तिघं! पुढे तो मित्र गळाला. लोपात्किना हे नृत्य इतक्या संथपणे करते की काहींना ते रटाळ वाटतं आणि बाकीचे तिच्यासाठी वेडे होतात. नृत्य संपत येताना तिच्या एका पायाचं पाऊल दुसऱ्या घोट्यापाशी बारीक फडफडतं, ते बघा. लोंबकळणाऱ्या पंखाला झटका बसावा तसं, व्हायोलिनच्या लयीत, आणि वरचं सगळं शरीर मात्र निश्चल. बाकीच्या नर्तिका तिथे पाऊल ‘करून दाखवतात’. हिच्या बाबतीत ते आपसूक होतं असं वाटतं.

शेवट मात्र सोव्हिएत काळातला: राजपुत्र रॉथबार्टचा पंख उपटतो, दुष्ट मरतो, उजाडतं, सगळं गोड. एवढ्या शोकगर्भ संगीतावर हे सुख चिकटवल्यासारखं वाटतं. दुसरी अडचण गेर्गियेवची. 2022 मध्ये युक्रेनवरील रशियन आक्रमणाचा निषेध केला नाही म्हणून म्युनिक फिलहार्मोनिक या वाद्यवृंदानं त्याला काढून टाकलं, आणि त्याचं नाव असलेली जुनी रेकॉर्डिंगं विकत घ्यावीत की नाही यावर चाहत्यांत सरळ दोन तट आहेत. 2006 च्या हंसिणींचा यात काय दोष, असं मला वाटतं. पण ज्याला नको वाटतं त्याला मी समजावायला जात नाही.

पॅरिसचं रेकॉर्डिंग रुडॉल्फ नुरेयेवच्या 1984 च्या आवृत्तीचं: अन्येस लतेस्तु, होसे मार्तिनेझ आणि कार्ल पाकेत. इथे नायिका ओडेट नाहीच. गोष्ट राजपुत्राची आहे. तो दिवास्वप्नं बघणारा, लग्नाला तयार नसलेला, एकटा मुलगा. त्याचा शिक्षक आणि रॉथबार्ट ही एकाच नर्तकाची दोन रूपं, म्हणजे त्याच्यावर सत्ता गाजवणारा माणूस दोन्ही जगांत एकच. पहिल्या अंकाच्या शेवटी नुरेयेवनं राजपुत्राला एक लांब, संथ एकल नृत्य दिलंय, आणि तिथे मार्तिनेझच्या पायांकडे बघताना नृत्याला शब्द नसल्याची खंत उरत नाही. काळ्या हंसिणीच्या प्रसिद्ध नृत्यातही रॉथबार्ट घुसतो आणि जोडीचं तिघांचं होतं. शेवटी तो ओडेटला घेऊन वर निघून जातो, राजपुत्र खाली उरतो. पुरुषांना खरोखर नाचायला लावणारी ही आवृत्ती. पण मूळ गोष्ट ठाऊक नसेल तर हे सगळं का चाललंय ते कळत नाही, म्हणूनच पहिल्या भेटीत नको म्हटलं. जाता जाता: हाच मार्तिनेझ 2022 पासून पॅरिस ऑपेराच्या बॅलेचा संचालक आहे.

बाकीच्यांचं थोडक्यात. फाँटेन आणि नुरेयेवचा 1966 चा व्हिएन्नातला चित्रपट प्रेमात पडलेल्यांसाठी आहे. फाँटेन तेव्हा 47 ची, नुरेयेव 28 चा, आणि डोळे त्यांच्यावरून हलत नाहीत. पण समूह बघायचा तर तिकडे जाऊ नका. बोल्शॉयचं झाखारोवा आणि रोद्किन यांचं 2015 चं रेकॉर्डिंग दिसायला देखणं. नृत्यरचनाकार ग्रिगोरोविचनं त्यात तळ्यापेक्षा राजपुत्राच्या मनातल्या काळ्या सावलीला महत्त्व दिलंय आणि मला ते कोरडं वाटतं. झाखारोवाचे पाय आणि पावलांची कमान बघायची असेल तर बघा. तसं 1991 च्या ऑगस्टमधल्या बंडात सोव्हिएत टीव्हीनं बातम्यांच्या जागी ‘स्वान लेक’च लावलं होतं, त्यामुळे रशियन माणसाला हे संगीत ऐकून तळं आठवेलच असं नाही.

परीक्षणं वाचून ठरवणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, वृत्तपत्रांतले समीक्षक बहुधा पहिल्या रात्रीच्या संचाबद्दल लिहितात. तीच निर्मिती दुसऱ्या दिवशी दुसरी जोडी करते आणि अनुभव पार बदलतो, म्हणून ‘रॉयल बॅलेचं स्वान लेक छान आहे’ या वाक्याला पुढे नावं नसतील तर फारसा अर्थ नाही. दोन, तिसऱ्या अंकातल्या 32 फुएतेंवर, म्हणजे एका पायावरच्या त्या सलग गिरक्यांवर, निम्मी परीक्षणं खर्ची पडतात. पडली का, सरकली का, मध्ये दुहेरी गिरकी घातली का. बोल्शॉयची नर्तिका माया प्लिसेत्स्काया त्या करायचीच नाही, त्याऐवजी रंगमंचाला वेगानं फेरी घालायची, आणि तिला कुणी कमी लेखलं नाही. परीक्षणात समूहाबद्दल चार ओळी आहेत का ते आधी शोधा. त्या असतील तर लिहिणाऱ्यानं बॅले बघितलाय.

कॅमेऱ्याची परीक्षा सोपी आहे. दुसऱ्या अंकातल्या चार छोट्या हंसिणींचा तुकडा काढा, हात एकमेकींत गुंफून नाचतात तो. चौघींची डोकी आणि पावलं एकाच चौकटीत बहुतेक वेळ दिसत असतील तर दिग्दर्शकाला कळतंय. चेहऱ्यांवरून पायांवर, पायांवरून राजपुत्रावर अशा उड्या सुरू झाल्या की बंद करा. ज्या एकतानतेसाठी तो तुकडा आहे तीच कापली गेली.

आता मिळवायचं कसं. रॉयल बॅले अँड ऑपेराची स्वतःची स्ट्रीमिंग सेवा आहे, पॅरिस ऑपेराचीही आहे, शिवाय मेदिची आणि मार्की यांसारख्या सेवांवर अनेक कंपन्यांचे बॅले असतात. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी तपासा: ते शीर्षक आज यादीत आहे का, भारतातून उघडतं का, आणि कुठल्या वर्षाचा कुठला संच आहे. याद्या बदलत राहतात, आणि ‘रॉयल बॅले, स्वान लेक’ या एकाच नावाखाली डॉवेलची जुनी आवृत्तीही सापडू शकते. लंडनचा प्रत्यक्ष प्रयोग थेट बघायचा मोह असेल तर तिथला साडेसातचा पडदा हिवाळ्यात आपल्याकडे मध्यरात्री एकला उघडतो, हेही लक्षात असू द्या. बोल्शॉयचं रशियाबाहेरच्या चित्रपटगृहांतलं थेट प्रक्षेपण 2022 मध्ये थांबलं.

डिस्क घेणं महाग पडतं, वर आयातीचा खर्च, आणि आता लॅपटॉपला खाचही नसते. तरी एखादं रेकॉर्डिंग दहा वेळा बघणार असाल तर डिस्कच घ्या. स्ट्रीमिंगवरच्यासारखी ती गायब होण्याची धास्ती नाही. फक्त तिचा विभाग (रीजन कोड) आपल्या प्लेअरला चालतो ना, ते मागवण्याआधी बघा. यूट्यूबवर कंपन्यांच्या अधिकृत वाहिन्यांचे तुकडे आणि दरवर्षीच्या जागतिक बॅले दिनाचे सराववर्ग फुकट आहेत. निवड करण्यापूर्वी चव घ्यायला तेवढे पुरतात. पूर्ण बॅलेच्या चोरट्या प्रती टाळा, आणि त्याला नैतिकतेपलीकडचंही कारण आहे: पकडलं जाऊ नये म्हणून काही जण चित्र डावं-उजवं उलटं करून चढवतात, कधी सूरही थोडा वर सरकवतात. ओळखायचं असेल तर वाद्यवृंद दिसेल तेव्हा व्हायोलिनवाल्यांकडे बघा. सगळ्यांच्या डाव्या हातात गज असेल तर तुम्ही आरशातलं तळं बघताय.

मॅथ्यू बोर्नच्या 1995 च्या, पुरुष हंसांच्या ‘स्वान लेक’बद्दल कुणी ना कुणी आग्रह धरेलच. ते जरूर बघा, पण वरच्यांपैकी एखादं बघून झाल्यावर; ते अनवाणी, फिस्कारणारे हंस कुणाची जागा घेऊन उभे आहेत हे ठाऊक असेल तरच त्यांचा धक्का बसतो. घरात दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर लंडनच लावा आणि मध्यंतराला थांबा. उरलेलं दुसऱ्या संध्याकाळी.