'काइरो'ची ब्लू-रे: भुतांनाही सोबत हवी असते

कियोशी कुरोसावाचा भयपट 'काइरो' जपानमध्ये 2001 साली आला. इंग्रजीत तो 'पल्स' या नावाने मिळतो. (प्रसिद्ध दिग्दर्शक अकिरा कुरोसावांशी या कियोशींचं काही नातं नाही, फक्त आडनाव एक.) मोबाइलवर, कुठल्यातरी फिकट कॉपीत ज्यांनी तो पाहिलाय आणि "काहीच दिसत नाही, काहीच घडत नाही" म्हणून सोडून दिलाय, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितोय. ब्लू-रेवर तो पाहा. या सिनेमात अंधारालाही थर आहेत. वाईट कॉपीत त्यांचा नुसता काळा चिखल होतो. इथे कोपऱ्यातला राखाडी, पडद्यामागचा हिरवट, भिंतीवरच्या डागाचा काजळी रंग असे सगळे वेगवेगळे ओळखू येतात. छायालेखक जुनिचिरो हायाशी. शापित व्हिडिओ कॅसेटवरचा 1998 चा जपानी भयपट 'रिंगू' त्यांनीच टिपला होता. तरीही चित्र झगमगीत असेल अशी अपेक्षा नको. मूळ सिनेमाच मळकट उजेडात घेतलेला आहे आणि डिस्कने त्याला उगाच घासूनपुसून चकचकीत केलेलं नाही.

गोष्ट तोक्योतली. गच्चीवर रोपं वाढवून विकणाऱ्या छोट्या कंपनीतली मिची, आणि इंटरनेट नुकतंच घरी घेतलेला अर्थशास्त्राचा विद्यार्थी कावाशिमा. मिचीचा सहकारी तागुची दिवसेंदिवस कामावर येत नाही, म्हणून ती त्याच्या घरी जाते. तो नीट बोलतो, कामाची डिस्क कुठे आहे ते सांगतो, आणि ती शोधत असताना सहज उठून पलीकडे जातो. पुढचं सांगत नाही. इतकंच सांगतो, की त्या प्रसंगात कुणी ओरडत नाही, संगीत उसळत नाही, आणि तो उठताना हातात काय घेतो ते पहिल्या वेळी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

तिकडे कावाशिमाचा संगणक रात्री आपोआप सुरू होतो, मोडेम स्वतःच नंबर फिरवतो आणि पडद्यावर एकेका खोलीत एकटी बसलेली माणसं दिसू लागतात. मग प्रश्न येतो: भुताला भेटायचंय का?

माझं काम रात्रपाळीचं, कॅमेऱ्यांवर लक्ष ठेवण्याचं. समोर भिंतभर चौकटी, त्यांत जिने, बंद शटर, पार्किंग. रिकाम्या चौकटीची सवय होते. पण चौकटीत माणूस असतो आणि तो बराच वेळ हलतच नाही, तेव्हा पोटात गोळा येतो. पडलाय का, झोपलाय का, की नुसता बसलाय? कावाशिमाच्या पडद्यावरची माणसं तशी आहेत. खुर्चीत बसलेली, मान खाली घातलेली, चेहरा नीट न दिसणारी. बघणारा त्यांना हाक मारू शकत नाही. कुरोसावाला ही भावना नेमकी सापडली आहे, तीही वेबकॅम घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधी.

'रिंगू'शी तुलना होतेच, तर मला जाणवणारा फरक सांगतो. तिथे शापित कॅसेट कुणीतरी कुणालातरी द्यावी लागते. शाप पसरायलासुद्धा दोन माणसांची गाठ पडावी लागते. 'काइरो'त तेवढीही गरज उरलेली नाही. इंटरनेटची तार घरात आली की पुरे. आणि इथली भुतं सूड घ्यायला येत नाहीत, त्यांची कुणाशी दुश्मनी नाही. मेल्यावरही एकटेपण संपत नाही, तेच कायमचं होतं, एवढंच ती सांगतात. मला हे 'रिंगू'पेक्षा फार जास्त भयंकर वाटतं.

लाल चिकटपट्टी लावून बंद केलेल्या खोलीत मिचीचा दुसरा सहकारी याबे शिरतो, तो प्रसंग तर या डिस्कची किंमत एकटा वसूल करतो. भिंतीपाशी एक बाई उभी. ती संथ चालत येते आणि मध्येच तिचा पाय मुडपतो, शरीर भलत्याच बाजूला झुकतं, मग पुन्हा सावरून ती पुढे. बस. रक्त नाही, अंगावर झेप नाही. पण तो तोल जाताना पाहिला की वाटतं, हे शरीर चालायचं कसं ते आठवून आठवून चालतंय. सोबतीला ताकेफुमी हाकेता यांच्या संगीतातले बायकी आवाज. हा प्रसंग चांगल्या हेडफोनवर ऐका, अर्धं भय कानांतून येतं.

पण माझ्या मनात सर्वांत खोल रुतली ती हारुए. कोयुकी या अभिनेत्रीने केलेली ही भूमिका. संगणक विभागातली हुशार मुलगी, कावाशिमाला तंत्र शिकवणारी. माणसं एकमेकांशी खरंच जोडली जातात यावर तिचा मुळीच विश्वास नाही. तिच्या प्रयोगशाळेत पडद्यावर ठिपके फिरत असतात: फार जवळ आले की नष्ट होतात, फार लांब गेले की ओढले जातात. पुढे एका रात्री तिला पडद्यावर स्वतःचीच पाठमोरी आकृती दिसते, म्हणजे खोलीत तिला बघणारं कुणीतरी आहे. आणि ती घाबरत नाही. मी एकटी नाही, असं म्हणत ती त्या रिकाम्या जागेला मिठी मारायला जाते. कुणीतरी बघतंय एवढ्यानेच तिचा चेहरा उजळतो. तो उजळलेला चेहरा मला बघवत नाही.

उणिवा आहेत. भुतांच्या जगात जागा संपली म्हणून ती इकडे येतात, हा एका विद्यार्थ्याच्या तोंडी घातलेला खुलासा ऐकून काही साधत नाही. उत्तरार्धात शहर ओस पडायला लागतं तेव्हा गोष्ट सैल होते, आणि संगणकावर केलेले काही देखावे, विशेषतः कोसळणारं विमान, आज उघडे पडतात. मिची आणि कावाशिमा भेटतात तेही फार उशिरा. सुमारे 2 तासांत दहा-पंधरा मिनिटं कमी चालली असती.

या सिनेमाला 2001 साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात 'अन् सर्तें रगार' या विभागात समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं पारितोषिक मिळालं होतं. 2006 साली हॉलीवूडने त्याची नक्कल काढली. तीत भुतं माणसांवर झडप घालतात आणि एकटेपण गायब आहे. ती आधी पाहू नका. माझ्या डिस्कवर कुरोसावा आणि हायाशी यांच्या मुलाखतीही आहेत. हायाशींची नक्की ऐका, पण सिनेमा पाहून झाल्यावरच. सध्या कुणी जवळचं गेलं असेल किंवा मन खचलेलं असेल, तर मात्र ही डिस्क काही महिने बाजूला ठेवा. यात आत्महत्येचे प्रसंग आहेत, आणि एक तर कॅमेरा न हलवता, न कापता दाखवलेला आहे.